कुसुंबीचा सडा

"तुमचे गाव कोणते?" असे कोणी विचारले, की मी जरा घुटमळतो. माझा जन्म मेढ्याचा नाही. आमचे घरदार, शेतीवाडी तिथे कधीच नव्हती. वडील मामलेदार कचेरीत कारकून, आणि कारकुनाचे बिऱ्हाड म्हणजे विंचवाचे. ते पाठीवर घेऊन आम्ही सातारा जिल्हा पालथा घातला. मेढ्यात राहिलो ती इनमिन तीन वर्षे, १९६१ ते १९६४. तरीसुद्धा तोंडातून नाव निघते ते मेढ्याचेच. माणूस जिथे जन्मतो ते त्याचे गाव, हे खरे; पण जिथे त्याला डोळे फुटतात, ते गाव कोणाचे म्हणायचे?

मेढा हे जावळी तालुक्याचे ठाणे. जावळी म्हटले की आपल्याला चंद्रराव मोरे आठवतात, १६५६ साल आठवते, आणि दिवसाढवळ्या सूर्य दिसू नये असे अरण्य डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात मेढा मोठा साधा. महाबळेश्वरी उगम पावलेली वेण्णा लिंगमळ्याच्या कड्यावरून उडी घेते, केळघरच्या खोऱ्यातून खाली येते, आणि मेढ्याला वळसा घालून पुढे संगम माहुलीला कृष्णेच्या कुशीत शिरते. या नदीच्या काठी, भाताच्या खाचरांत पाय सोडून हे गाव बसले आहे. उत्तरेला वैराटगडाची रांग, दक्षिणेला कुसुंबीचा डोंगर. महाबळेश्वरला निघालेले लोक एस.टी.च्या खिडकीतून या दोन्ही डोंगरांकडे पाहतात, आणि "आता घाट केव्हा लागणार?" असे विचारतात. डोंगराच्या कपाळी कधी कधी असेही येते!

मीही दोन वर्षे त्या दक्षिणेकडच्या डोंगराकडे असाच पाहिला. पावसाळ्यात तो ढगात जाई आणि उन्हाळ्यात करपून भाकरीसारखा होई. वर काय आहे, असे घरी विचारले तर आई म्हणे, "वाघ आहेत." वडील म्हणत, "गवत आहे." कारकुनाच्या मुलाने यापलीकडे चौकशी करण्याचे कारण नव्हते.

ते कारण वर्गात माझ्या शेजारी येऊन बसले. कुसुंबीकडच्या वाडीतून रोज डोंगर उतरून शाळेत येणारा एक मुलगा होता. मामाकडे राहत होता तो. त्याचे स्वतःचे गाव पलीकडे कोयनेच्या खोऱ्यात होते. कोयनेचे धरण तेव्हा पुरे होत आले होते, आणि त्याचे गाव पाण्याखाली गेले होते. हे आम्हाला कळले ते हजेरीपटावरून. गुरुजींनी "गाव?" असे विचारले, तेव्हा तो बराच वेळ गप्प उभा राहिला आणि मग म्हणाला, "व्हतं." सगळा वर्ग हसला. मीही हसलो. ते हसू पुढे मला पुष्कळ वर्षे टोचत राहिले.

१९६३ च्या भाद्रपदातली गोष्ट. गौरी-गणपतीची सुट्टी होती. "काळूबाईच्या दर्शनाला कुसुंबीला जातो," असे घरी सांगून मी त्याच्याबरोबर निघालो. ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. देवीला नमस्कार करून आम्ही थेट वरची वाट धरली. खालची भाते पोटरीला आली होती. त्यांच्या वर उतारावर नाचणी आणि वरीची शेते, आणि त्यांच्या वर एकदम रान. हिरडा, जांभूळ, अंजनी, करवंदीच्या जाळ्या. पाऊस थांबून तास झाला असला, तरी रानात तो पडतच होता. पानावरून पानावर, पानावरून मानेवर. एरवी वर्गात अवाक्षर न बोलणारा माझा सोबती इथे घरधनी झाला होता. "ह्ये बघ साळिंदराचं पीस," असे म्हणून त्याने काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक काटा माझ्या हातात ठेवला. एका जांभळीच्या शेंड्यावर काटक्यापानांचा भला मोठा गोळा दिसला. ते शेकरूचे घरटे. शेकरू एका घरट्यावर भरवसा ठेवत नाही, चार-दोन बांधून ठेवते, हे त्याने मला सांगितले. "येक ग्येलं तर दुसरं असावं," एवढे बोलून तो पुढे चालू लागला.

इतक्यात ओढ्याच्या बाजूने शीळ ऐकू आली. अगदी माणसाची शीळ. एखादे पोर शाळा बुडवून, हात खिशात घालून, धड ना गाणे धड ना सूर असे काहीतरी वाजवीत चालले असावे तशी. "कोण रे ते पोरगं?" मी विचारले. तो पोट धरून हसला. "पोरगं न्हाय लेका, पाखरू हाय!" आणि खरोखरच धबधब्याजवळच्या खडकावर एक निळसर काळा पक्षी बसला होता. कपाळावर आणि खांद्यावर तेवढी चकचकीत निळाई. कस्तुराच्या जातीचा हा पक्षी सह्याद्रीच्या ओढ्यांकाठी राहतो आणि पाऊसकाळात उजाडायच्या आधीपासून शीळ घालतो. इंग्रज मंडळींनी त्याला 'शीळ घालणारा शाळकरी' असे नाव दिले होते, हे मी पुढे पुस्तकात वाचले. वाचले तेव्हा मला तो पक्षी आठवला नाही. त्याच्याकडे बोट दाखवणारा शाळकरी आठवला.

रान संपले आणि आम्ही सड्यावर आलो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा, सपाट कातळ. आपल्या भाषेत 'सडा' म्हणजे एकटा, ज्याच्यामागे काही पाश नाही असा. डोंगरमाथ्याला हे नाव ज्या कोणी दिले त्याने विचार करून दिले असावे. झाड नाही, झुडूप नाही. भन्नाट वारा, अंगावरून धावणारे ढग, आणि लांबवर ओला काळा खडक. माझा हिरमोड झाला. एवढे चढून आलो ते हे पाहायला?

"हितं तर कायच नाही," मी म्हणालो.

"हुबा राहून काय दिसतंय? बस की खाली."

मी बसलो. आणि त्या दिवशी मला डोळे फुटले.

बसल्यावर कळले, की ज्याला मी नुसता ओलावा समजत होतो ती फुले होती. पांढऱ्या गेंदांच्या गुंड्या, टाचण्या टोचून ठेवाव्यात तशा हजारोंनी. त्यांच्या पायाशी साचलेल्या बोटभर पाण्यात इवली इवली निळी फुले. "सीतेची आसवं," तो म्हणाला. सीतामाई वनवासात इथे रडली, तिची टिपे जिथे पडली तिथे ही उगवली, असे त्याची आजी सांगे. पलीकडे गुलाबी तेरडा, त्याच्याही पलीकडे पिवळी सोनकी. दर पंधरवड्याला सडा लुगडे बदलतो म्हणतात, आणि त्या दिवशी तो निळे सोडून गुलाबी नेसण्याच्या बेतात होता. मधूनच एखादा चंडोल गवतातून सरळ आकाशात चढे, गाण्याची सरबत्ती करी आणि धोंड्यासारखा खाली येई. मी एक दगड उचलायला गेलो तर सोबत्याने माझे मनगट पकडले. "फुरसं असतंय खाली."

मग त्याने मला एक चमत्कार दाखवला. खडकाच्या कडेला रुपयाएवढी एक तांबूस चकती जमिनीला चिकटली होती. तिच्या पानांवर केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला दवाचा थेंब. दुपारचे बारा वाजत आले तरी दव? "बोट लाव," तो म्हणाला. थेंब डिंकासारखा चिकटला. त्या थेंबात एक चिलट अडकले होते आणि पानाचे केस त्याच्यावर हळूहळू वाकत होते. "माशी खातंय त्ये," तो अगदी सहज म्हणाला. आपली म्हैस गवत खाते, असे सांगावे तसे.

त्याचे कारण मला कळायला अर्धे आयुष्य जावे लागले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून आपला हा मुलूख झाला. त्याच्या माथ्यावर जांभ्या खडकाची टोपी आहे. तिच्यावर माती अशी नाहीच. असली तर दोन बोटे. पावसाळ्यात जो धो धो पाऊस पडतो तो त्या मातीतले सारे सत्त्व धुऊन नेतो. झाडाला हवे ते नत्र तिथे मिळत नाही. मग वनस्पतीने करावे काय? दवबिंदू हवेतली माशी धरतो. सीतेची आसवे तर त्याहून वस्ताद! वर अशी भोळी निळी फुले, आणि खाली ओल्या मातीत सूक्ष्म पिशव्या. एखादा पाण्यातला जीव दाराशी आला की पिशवीचे तोंड उघडते आणि पाण्यासकट त्याला आत ओढून घेते. हे सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत. आठ महिने हा सडा तापलेला तवा असतो. त्या दोन बोटे मातीत कंद आणि बिया दम धरून पडलेल्या असतात, आणि चार महिन्यांत जन्म, लग्न, बाळंतपण सगळे उरकून घेतात. गरिबाघरच्या लग्नाचा थाट पाहावा तर असा.

दुपारी आम्ही पश्चिमेच्या कडेला गेलो. ढग फाटला आणि खाली कोयनेचे खोरे दिसले. खोऱ्यात नदी असते असे मी शिकलो होतो. इथे पाणी डोंगरांच्या बोटाबोटांत शिरले होते. माझा सोबती कितीतरी वेळ उभा होता. मग त्याने बोट केले. "त्ये टेकाड दिसतंय न्हवं पान्यात? त्येच्या अलीकडं आमचं घर."

मला काही बोलायला सुचेना. तोच पुढे म्हणाला, "पानी चढाया लागलं तवा पैल्या मुंग्या वर आल्या. मंग उंदरं. मंग सरपं, मंग ससं. मानसं समद्यात शेवटी."

पुढच्याच वर्षी वडिलांची बदली झाली आणि आम्ही मेढा सोडला. सातवीनंतर तोही शाळा सोडून मुंबईला गेला. जावळी तालुक्यातल्या घराघरातून त्या काळी मुंबईला कोणी ना कोणी जाई. कोणी गिरणीत, कोणी धक्क्यावर, कोणी भाजीबाजारात पाठीवर ओझी वाहायला. माथाडी कामगारांचा कायदा झाला तो १९६९ मध्ये. त्याच्या आधीपासून माझा सोबती पोती उचलत होता. मी पुण्याला कॉलेजात होतो. १९७१ च्या भाद्रपदात मला त्याचे एक कार्ड आले. गणपतीला गावी आला होता. वाकड्यातिकड्या अक्षरांत एवढेच लिहिले होते: 'कारवी फुलली आहे. ये.'

कारवी म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांना सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. डोंगरउतारावर पुरुष-दीड पुरुष उंचीची ही झुडपे दाटीने वाढतात. त्यांच्या काठ्यांचे कूड घालून त्यावर शेणमाती लिंपली, की घराची भिंत होते. सहा वर्षे ही कारवी नुसती पाने मिरवते. सातव्या-आठव्या वर्षी सगळा डोंगरच्या डोंगर एकदम निळाजांभळा फुलतो, मधमाश्यांची झुंबड उडते, आणि फुलून झाले की ते सारे रान वाळून मरते. पुढल्या पहिल्या पावसात तडतड आवाज करीत तिची बोंडे फुटतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

माझी परीक्षा होती. शिवाय खरे सांगायचे तर कॉलेजातल्या मित्रांना 'माझा एक हमाल दोस्त आहे' असे सांगायला मी थोडा लाजत होतो. जाऊ पुढल्या वर्षी, असे मी मनाशी म्हटले. कार्डाचे उत्तरही पाठवले नाही. कारवी पुढल्या वर्षी फुलत नसते, एवढे साधे मला कळू नये! त्यानंतर नोकरी लागली, लग्न झाले, मुली झाल्या. माझ्या हिशेबाने कारवी तेव्हापासून सात वेळा तरी फुलून गेली असेल.

आमची धाकटी मुलगी स्कॉटलंडात असते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो असता ती मला केर्नगॉर्म म्हणून तिथला एक डोंगराळ मुलूख आहे तिकडे घेऊन गेली. मैलोगणती वस्ती नाही. झाड नाही म्हटले तरी चालेल. हेदर नावाचे गुडघाभर उंचीचे जांभळे झुडूप, वारा, धुके, ओली काळी दलदल. तिथला ससा हिवाळ्यात बर्फासारखा पांढरा होतो, असे ती मोठ्या कौतुकाने सांगत होती. मी थंडीने कुडकुडत म्हणालो, "इथे तर काहीच नाही गं."

आणि हे शब्द बाहेर पडताच माझ्या कानांत साठ वर्षांपूर्वीचा आवाज घुमला: हुबा राहून काय दिसतंय? बस की खाली.

मी त्या ओल्या जमिनीवर चक्क फतकल मारून बसलो. मुलगी घाबरली. तिला वाटले मला चक्कर आली. पण मी शेवाळाकडे बोट दाखवीत होतो. तिथे एक तांबूस चकती होती, तिच्या पानांवर केस, आणि प्रत्येक केसाला थेंब. पान आमच्यापेक्षा गोल होते, एवढाच काय तो फरक. तिथलीही माती पावसाने धुऊन निघालेली, तिथेही नत्राचा दुष्काळ. सहस्रावधी कोसांच्या अंतरावर त्याच गरिबीतून तीच युक्ती सुचली होती. "बाबा, तुम्हाला हे कसे माहीत?" मुलीने विचारले. "माझ्या एका दोस्ताने शिकवले," मी म्हणालो; आणि 'दोस्त' हा शब्द तोंडातून निघताना मला माझीच शरम वाटली. ज्याच्या कार्डाला उत्तर दिले नाही, त्याला दोस्त म्हणण्याचा अधिकार कोणता?

गेल्या भाद्रपदात मी मेढ्याला गेलो. एस.टी.तून उतरलो. वेण्णा तीच होती, डोंगर तेच होते. तो जिवंत असेल की नाही या विचाराने पाय जड झाले होते. वाडीवर पोहोचलो तर ओसरीत पाठमोरा बसून एक म्हातारा दोरी वळत होता. मी नाव सांगितले. त्याने मान वळवून मला आपादमस्तक न्याहाळले.

"आलास व्हय? पन्नास वरसं लागली डोंगर चढाया?"

एवढेच. ना राग, ना गहिवर. वहिनींनी चहा आणला. मी काहीतरी माफीचे बोलू लागलो तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मलाबी नंतर कार्ड टाकाया सवड व्हती का?" वर चलतोस का, असे विचारले तर त्याने गुडघे थोपटले. "ह्ये मुंबईला ठिवून आलोय. पोरगी येती तुझ्यासंगं."

पोरगी म्हणजे त्याची नात. साताऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते आणि फुलांच्या दिवसांत कासच्या पठारावर आलेल्या मंडळींना फुले दाखवते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासही आले; साडेआठशेहून अधिक जातींची फुलझाडे तिथे नोंदली गेली आहेत. मान आला तशी माणसेही आली. आता आगाऊ नोंदणी करून ठराविक माणसांनाच सोडतात. या पठाराला तारेचे कुंपण पडले त्यावरून आजोबा-नातीत वाद झाला होता म्हणे. म्हातारा म्हणे, गुरे चरली नाहीत तर गवत माजेल आणि फुलांना ऊन मिळायचे नाही. नात म्हणे, तुडवली तर फुले उरायची नाहीत. "मग कोणाचे खरे?" मी विचारले. ती हसली. "आजोबा, दोघांचंही. गुरांच्या बाबतीत त्यांचं, माणसांच्या बाबतीत माझं." अशी पोर ज्या डोंगराला राखणीला मिळाली त्याचे नशीब थोर.

आम्ही कासच्या गर्दीकडे न जाता जुन्याच वाटेने चढलो. मी दर पन्नास पावलांवर बसत होतो. रानात भेकर भुंकले, कुत्र्यासारखे. चिखलात गव्याचे ताजे खूर उमटले होते, तिकडे बोट करून ती म्हणाली, "हे आता आमच्या भातातसुद्धा येतात." ओढ्यापाशी मी थांबलो. वाट पाहिली. शीळ आली. धड ना गाणे, धड ना सूर. माझ्या डोळ्यांत पाणी आले, आणि पोरीने समजूतदारपणे दुसरीकडे पाहिले.

सड्यावर मी आपण होऊन खाली बसलो. सीतेची आसवे होती. दवबिंदू होता. साताऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा वायतुरा एका डबक्यात दोन शिंगे उभारून फुलला होता. तो मला पोरीने दाखवला. तिच्या आजोबालाही त्याचे शास्त्रीय नाव ठाऊक नाही, म्हणाली. मग आम्ही पश्चिमेच्या कडेला गेलो. निघताना म्हाताऱ्याने मला एकच काम सांगितले होते: "पानी कुठवर हाय त्येवढं बघून ये. मे म्हैन्यात उतरलं की आमचं जोतं दिसतंय. आता काय दिसायचं न्हाय, पर बघून ये."

खोऱ्यात शिवसागर काठोकाठ भरला होता. मी ते टेकाड शोधले. टोक तेवढे पाण्यावर होते.

संध्याकाळी खाली येऊन त्याला सांगितले, "काठोकाठ आहे. टेकाडाचे टोक तेवढे दिसते."

त्याने मान हलवली. दोरीचा पीळ एकदा तपासला. "मंग ठीक हाय. हाय तिथंच हाय."

निघताना नात फाटकापर्यंत आली. हातात मोबाईल होता. "आजोबा, तुमचा नंबर द्या. कारवीला अजून तीन वर्षं आहेत. आमच्या आजोबांनी सांगितलंय, यंदा कार्ड टाकायचं नाही. फोन करायचा."

मी नंबर दिला. तो तिने दोनदा वाचून दाखवला. मी आज चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. तीन वर्षे म्हणजे काही फार नाहीत, आणि तशी थोडीही नाहीत. एस.टी. सुटेपर्यंत मी त्या काळ्या डोंगराकडे पाहत होतो. रोज सकाळी अर्धा तास चालायचे, गुडघ्यांना तेल चोळायचे, असे मनाशी ठरवले. दुसऱ्या दिवसापासून चालायला सुरुवात केली आहे.